शेवटच्या नळाचे पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली. आधी जुलाब आणि मग हातापायांतले बळ जाणे, असा हा आजार. काही रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि सगळ्यांचे लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेले.

टाकीत क्लोरिन पडले म्हणजे काम झाले, असा समज आहे. घोटाळा पुष्कळदा पुढे, टाकी आणि हंडा यांच्या मधल्या वाटेत होतो. आपल्याकडे पाणी ठराविक वेळीच सुटते. ते बंद झाले की रिकाम्या जलवाहिनीत निचऱ्याचे पाणी फुटक्या सांध्यातून ओढले जाते. ज्या भोकातून पाणी वाया जाते, त्याच भोकातून घाण आत येते. त्यामुळे गळती शोधणे हे पाणीबचतीचे काम जितके, तितकेच जुलाब, विषमज्वर आणि कावीळ टाळण्याचेही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक एकटा रोज प्रत्येक गल्लीत कसा पोचणार? आठवी-नववीची मुले मात्र प्रत्येक गल्लीत राहतात. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हाताखाली ही मुले सहज तयार होतील.

नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवे. तपासणी नळाजवळच करावी; बाटली शाळेत नेईपर्यंत क्लोरिन उडून जाते आणि आकडा फसवा येतो. गावोगावी यासाठी ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन, वापरतात. हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, तेव्हा मुलांच्या हाती ते देऊ नये. त्यांना डीपीडीच्या गोळ्या द्याव्यात. क्लोरिन असल्यास पाणी गुलाबी होते.

दुसरी चाचणी एचटूएस बाटलीची. भारतीय शास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये मांडली. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर मैलामिश्रणाची दाट शंका. काही बोअरचे पाणी मुळातल्या सल्फाइडमुळेही काळे पडते, म्हणून खात्री प्रयोगशाळेतच करावी. काळी पडलेली बाटली मुलांनी उघडू नये. आणि बाटली काळी झाली नाही, तरी फ्लोराइड किंवा नायट्रेट नाही असे समजू नये. चंद्रपूर, यवतमाळच्या फ्लोराइडग्रस्त भागात तर मुळीच नाही.

खरी अडचण पुढे येते. मुले वहीत ‘शून्य’ लिहितात आणि वही कपाटात जाते. शून्य आल्यावर त्याच दिवशी कोणाला कळवायचे, जलसुरक्षकाला की आरोग्यसेवकाला, हे पहिल्या चाचणीआधीच ठरवून घ्यावे. सांधा दुरुस्त होऊन क्लोरिन पुन्हा दिसेपर्यंत त्या गल्लीने पाणी सुटल्यावरची पहिली धार पिण्यासाठी भरू नये आणि नंतरचेही खळखळून उकळूनच प्यावे.