कात्री चालवा, कोरल वाढवा!

जास्वंदीची फांदी छाटली, कुंडीत खोचली, नवं झाड तयार! यात काय विशेष? पण हाच खेळ एखाद्या प्राण्याशी केला तर? घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारी मंडळी हे बिनधास्त करतात. प्राणी कोण, तर सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ. मुळं नाहीत, पानं नाहीत, तोंडं मात्र शेकड्यांनी!

माहीत आहे का, या पार्टीत आठचाच पाढा चालतो? प्रत्येक पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या एकेका तोंडवाल्या इवल्या जिवाला, मोजून आठ शुंडके. सात नाही, नऊ नाही. आणि ज्योतिषीबुवा मंगळासाठी अंगठीत घालायला सांगतात ते अस्सल लाल पोवळं? तेही याच अष्टभुज खानदानातलं, फक्त जरा कडक स्वभावाचं.

आता मेन कोर्स. टोडस्टूल लेदर नावाचं छत्रीवालं कोरल घ्या. हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल, धारदार ब्लेड. छत्री देठापासून सपकन वेगळी करा आणि तिचे तुकडे पाडा. बुळबुळीत चिकटा सुटतो, वासही असा येतो की घरचे विचारतात, ‘काय मेलंय?’ काहीच मेलेलं नाही! उरलेला बोडका देठ काही आठवड्यांत नवी छत्री काढतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र संसार थाटतो. या तुकड्याला हौशी भाषेत ‘फ्रॅग’ म्हणतात. जनुकं मूळ कोरलचीच, त्यामुळे एका अर्थी अख्खी वसाहत एकच ‘व्यक्ती’!

तुकडा दगडाला चिकटवायचा कसा? सुपरग्लू! तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पाण्यातही चालतो. पण लेदरवाले चिकटा सोडून ग्लूला ठेंगा दाखवतात. मग नवरीच्या व्हेलची बारीक जाळी आणायची, तुकडा दगडावर ठेवून वरून हलकेच बांधायचा. एक-दोन आठवड्यांत दोघांचं जमतं. मग व्हेल काढा. शुभमंगल!

केनिया ट्रीला तर तुमची कात्रीही नको. आपणच फांद्या गाळतं, त्या वाहत जाऊन सापडेल तिथे रुजतात. फुल सेल्फ-सर्व्हिस! हिरवेगार स्टार पॉलिप त्याहून आगाऊ. त्यांच्या बुडाची जांभळी चटई पसरत पसरत काचेवर चढते. म्हणून जाणकार त्यांना टँकमध्ये एकट्या दगडाचं बेट देतात. आमच्या मते हद्दपारीच योग्य.

हात उघडमीट करणारं झेनिया पाहिलंय? ही जिमबाजी कशासाठी? २०१३ मध्ये इस्रायली संशोधकांनी लाल समुद्रातल्या त्याच्या एका भाऊबंदावर अभ्यास करून उत्तर दिलं. या हलण्याने अंगाभोवती साचलेला ऑक्सिजन झटकला जातो आणि आत राहणाऱ्या शैवालांचं प्रकाशसंश्लेषण कित्येक पटींनी वाढतं. रात्रंदिवस ड्युटी आणि दुपारनंतर साधारण अर्ध्या तासाची सुट्टी. आपल्याकडे वामकुक्षी याहून मोठी असते.

गरीब दिसतात म्हणून भोळे समजू नका! शेजाऱ्याची वाढ रोखायला लेदर कोरल पाण्यात चक्क रसायनं सोडतात. केमिकल वॉर! म्हणून फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हवाच, कापाकापीच्या दिवशी तर नक्कीच.

जरा सीरियस होऊ या. दुकानात याच शेल्फवर मिळणारे रंगीबेरंगी झोअँथिड (शास्त्राच्या हिशेबात ते सॉफ्ट कोरल नव्हेत) आणि त्यांच्यातलेच पॅलिथोआ यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. १९७१ मध्ये हवाईत ते वेगळं करण्यात आलं. अशा झोअँथिडांनी व्यापलेला दगड स्वच्छ करायला म्हणून उकळला, वाफ नाकात गेली आणि अख्खं कुटुंब हॉस्पिटलात, असं परदेशात घडलेलं आहे. उकळायचा तो चहा!

खिसा रिकामा करणारी उपकरणं नसताना टँक सांभाळणं जमायचं का? जमायचं! जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच लिहून सांगितलं की समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालतो.

आणि हो, मालवणला स्नॉर्केलिंग करताना ‘फुकटचा फ्रॅग’ नको! सगळे दगडी प्रवाळ, सी फॅन आणि ऑर्गन पाइप कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच पंगतीत.

उलट दिशेचा, म्हणजे टँकमधून समुद्रात होणारा प्रवास त्याहून महाग. व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात युनोमिया नावाचं झेनियाचं चुलत भावंड मोकाट सुटलंय. मूळ गाव इंडोनेशियाच्या बाजूचं, आलं बहुधा अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातून, आणि आता तिथल्या स्थानिक प्रवाळांवर गालिचा अंथरून बसलंय. २०२० मध्ये तेच महाशय हवाईच्या पर्ल हार्बरमध्येही सापडले. हाताने उपटावं, तर निसटलेला तुकडा पुढे जाऊन पुन्हा रुजतो. थेट नौदलाच्या तळावर फ्रॅगिंग, तेही विनापरवाना!