वाचनालयात माहितीपट: हक्क समजून घेण्याचा एक मार्ग

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आज आपल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या अनेक मुलामुलींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांच्यापर्यंत हा इतिहास पोहोचवायचा कसा?

आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट याच घटनेपासून उभा केला. स्टॅलिन के. यांच्या 'इंडिया अनटच्ड' (२००७) मध्ये देशातील अनेक राज्यांत आणि वेगवेगळ्या धर्मांत टिकून राहिलेली अस्पृश्यता दिसते. दिव्या भारती यांचा 'कक्कूस' (२०१७) तमिळनाडूतील सफाई कामगारांचे जगणे दाखवतो. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपण पाठ करतो. ती अजून कुठे आणि कशी जिवंत आहे, हे मात्र डोळ्यांनी पाहिल्यावरच मनावर ठसते.

मग मोबाईल असताना वाचनालय कशाला? एकटा माणूस पाहतो, चिडतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो. वाचनालयात शेजारी माणूस असतो, कपाटात पुस्तक असते आणि प्रश्न विचारायला वेळ असतो. रागाला माहितीची जोड तिथेच मिळते.

त्यासाठी फार खर्च नको. प्रोजेक्टर, पांढरी भिंत आणि बरा स्पीकर पुरतो. काही गोष्टी मात्र पाळाव्यात. माहितीपट आयोजकांनी आधी स्वतः पाहावा. दिग्दर्शकाची परवानगी घ्यावी, चोरीची प्रत लावू नये. लांब माहितीपट दोन भागांत दाखवावा. वेळ अशी ठेवावी की वस्तीतल्या माताभगिनींनाही येता येईल. आणि पाहण्याइतकाच वेळ चर्चेला द्यावा.

या चर्चेत कायदा यायलाच हवा. 'कक्कूस' नंतर २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा वाचावा. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? 'इंडिया अनटच्ड' नंतर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १८-अ समजून घ्यावे. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे ते सांगते. पोलीस ठाण्याच्या दारात हे एक वाक्य माहीत असणे आणि नसणे यात मोठे अंतर आहे.

२६ नोव्हेंबर संविधान दिन, ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन. या पंधरवड्यात प्रत्येक विहारातील वाचनालयाने किमान एक माहितीपट दाखवावा, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वात आधी ठेवला होता. संघटना आणि संघर्ष त्यानंतर येतात.

जय भीम!