शिवनेरीचं फूल, काचेच्या बाटलीत

विठ्ठलवाडीहून मुरबाड, माळशेज करत शिवनेरीला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. पण तिथल्या कड्याच्या कपारीतली 'शिंदळ माकुडी' किती जणांनी पाहिली? मांसल खोडाची छोटीशी वनस्पती. फूल चांदणीसारखं, गर्द तांबडं, वर पिवळे ठिपके. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून पडलेलं. सह्याद्रीचे मोजके कडे सोडले तर जगात ती इतरत्र रानात उगवत नाही.

मग वाचवायची कशी? एक उपाय म्हणजे टिश्यू कल्चर. खोडाचा पेराजवळचा तुकडा निर्जंतुक करून क्षार, साखर, अगार यांच्या माध्यमात ठेवायचा. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये दिलेली क्षारांची कृती आजही चालते. सायटोकायनिनने फुटवे येतात, ऑक्झिनने मुळं. बाटलीतलं रोप मात्र लाडावलेलं असतं. त्याला बाहेरच्या हवेची सवय हळूहळू लावावी लागते.

खरी गोम पुढे आहे. एका तुकड्यापासूनची हजार रोपं म्हणजे एकाच झाडाच्या हजार झेरॉक्स! एखादा रोग आला तर सगळी एकदम जायची. म्हणून नमुने वेगवेगळ्या कड्यांवरून घ्यावे लागतात. शिवाय परागीभवन करणाऱ्या माश्या बाटलीत तयार होत नाहीत. त्यासाठी कडाच शाबूत हवा.

बॅकअप आहे म्हणून कुणी हार्डडिस्क फोडत नाही. तेव्हा पुढच्या ट्रेकला हे फूल दिसलं, तर फोटो काढा, फांदी तोडू नका!