पडद्यावरचा हॅकर, पुण्यातला दरोडा

मालिकांतला हॅकर अंधाऱ्या खोलीत बसून दोन मिनिटांत बँक फोडतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा दरोडा मात्र एटीएमवर पडला. 11 ऑगस्ट 2018 रोजी बनावट कार्डांनी 28 देशांत पैसे काढले गेले. बँकेची यंत्रणा बाजूला सारून प्रत्येक व्यवहाराला खोटी मंजुरी दिली जात होती. 13 ऑगस्टला आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला वळवले. एकूण फटका 94.42 कोटींचा!

अशा मालिकांना अमेरिकेची ‘मिस्टर रोबोट’ (2015) हा सन्माननीय अपवाद. तिच्यातल्या संगणकी आज्ञा तज्ज्ञांकडून तपासून घेतलेल्या असत.

आपल्या अनुभवाशी अधिक जुळते ती ‘जामतारा’ (2020). तिथे हत्यार एकच, फोनवरचे गोड बोलणे. असा फोन किन्हीराजासारख्या गावातही येऊ शकतो. ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 हा सायबर मदत क्रमांक लावा.