गाळातले कामकरी

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सीताबर्डीच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा निघाला. वडिलांच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानातला. त्यावर पुसट अक्षरे – ‘ट्रायक्लोरोएथिलीन’. सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला ते हा द्रव वापरीत. चिरंजीव तो विहिरीजवळच्या मोरीत ओतणार, तोच शेजारचे काका गरजले, “थांब रे पोरा!”

काका ‘नीरी’तून निवृत्त झालेले. १९५८ साली नागपुरात निघालेल्या या संस्थेला १९७४ पासून ‘राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था’ हे नाव आहे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! विचारले, “काका, माती सारे पचवते ना?”

“पचवते, प्रोफेसर, पण कसे ते ऐका.”

हा द्रव पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. भूजलात तो खाली खाली बुडतो आणि वर्षानुवर्षे दडून बसतो. खोल गाळात प्राणवायू पोचत नाही. पण तिथेही सूक्ष्म जंतू जगतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मैलापाण्याच्या गाळातून असा एक जंतू वेगळा काढून १९९७ साली जगापुढे ठेवला. आपण अन्न खातो आणि प्राणवायूवर श्वास घेतो. हा हायड्रोजनवर जगतो आणि प्राणवायूचे काम क्लोरीनच्या या द्रवाकडून करून घेतो! त्यात क्लोरीनचा एकेक अणू सुटतो. तिनाचे दोन, दोनाचा एक, शेवटी शून्य. मग उरते ते एथिलीन – केळी पिकवणारा, हिरव्या संत्र्याला रंग आणणारा वायू.

“मग ओतायला हरकत काय?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

“सूनबाई, मेख त्या ‘एका’त आहे!”

एकच क्लोरीन उरलेला पदार्थ म्हणजे व्हिनाइल क्लोराइड. मूळ द्रव घातक खराच, पण याचीही कर्करोग आणणाऱ्यांत पक्की गणना. शेवटपर्यंत नेणारे जंतू तिथे नसले, किंवा उपाशी राहिले, तर गाडी तिथेच अडते आणि ते विष पाण्यात साचते. म्हणून परदेशात दूषित जमिनीत मळी किंवा खाद्यतेल सोडतात. इतर जंतू ते आंबवून हायड्रोजन पुरवतात. कधी कामाचे जंतूही बाहेरून आणून सोडतात. एवढे करूनही वर्षे लागतात.

डबा घट्ट बंद करून घातक कचरा नेणाऱ्यांच्या हवाली केला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर पणती ठेवायला गेलो, तो मोरीशेजारी चिरंजीवांनी खडूने लिहिलेले दिसले : “येथे काहीही ओतू नये. खाली माणसे नसली, तरी कामकरी आहेत.”

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!