विद्यार्थ्यांच्या हातची चित्रित मृत्पात्रे

ज्या वस्तू वापरण्यासाठी घडवल्या जातात आणि पाहण्यासाठीही, त्यांचा समावेश आलंकारिक कलेत होतो. अशा वस्तूंच्या संग्रहात एक वर्ग विशेष विचार करण्याजोगा आहे, तो म्हणजे कलाशाळेत शिकणाऱ्यांनी रंगवलेली मातीची भांडी. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात व लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ची अशी भांडी जतन केलेली आहेत.

ही शाळा म्हणजे आजचे सर ज. जी. कलाविद्यालय. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ती १८५७ मध्ये सुरू झाली. जॉर्ज टेरी या चित्रकला-शिक्षकांनी १८७० च्या दशकात तेथे मृत्पात्रांचे काम उभे केले. सिंधमधील झिलईकामाची परंपरा त्यामागे होती. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. तेथील आकृती आणि वेलबुट्टी लवकरच कलशांवर व थाळ्यांवर उतरली.

‘नक्कल’ हा शब्द वाचून तुम्ही हे काम दुय्यम ठरवाल, तर घाई होईल. पहिल्या लेण्याच्या छतावरील चौकटींत फुले, फळे, पशुपक्षी आहेत. ती चौकट सपाट असते. कलशाचे पोट फुगीर, मान निमुळती. एकच वेल तेथे नेताना कोठे रुंदवायची, कोठे आवळायची आणि फिरून आरंभाशी कशी जुळवायची, याचा निर्णय रंगवणाऱ्यालाच घ्यावा लागे. कागदावर चूक खोडता येते. झिलईखालच्या चित्रणात कोरडी, सच्छिद्र माती कुंचल्यातील रंग क्षणात शोषून घेते. शिवाय समोर दिसणारा रंग खरा नसतो. कोबाल्टचे काळपट भस्म भाजल्यावर निळे होते, तांब्याचे हिरवे किंवा नीलहरित. म्हणजे विद्यार्थ्याला भट्टीनंतरचे चित्र मनात धरूनच हात चालवावा लागे. शिकाऊ हाताकडून ही अपेक्षा लहान नव्हती.

आता प्रश्न कर्त्याचा. अजिंठ्याच्या नकला करणाऱ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. भांड्यांच्या बाबतीत मात्र अनेकदा शाळेचेच नाव हाती लागते. एका भांड्यामागे आकार देणारा, रंगवणारा, भट्टी लावणारा असे निरनिराळे हात असू शकतात, हे खरे. पण ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ एवढीच नोंद वाचली की हे सारे हात एका संस्थेच्या नावाआड जातात. वसाहतकालीन कलाशिक्षणात विद्यार्थ्याकडे स्वतंत्र कलावंतापेक्षा कुशल कारागीर म्हणून पाहण्याची वृत्ती प्रबळ होती. नोंदींतील हे मौन तिच्याशी सुसंगतच म्हटले पाहिजे.

अजिंठ्याच्या कापडावरील नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. भट्टीतून निघालेली भांडी टिकली. संग्रहालयात गेलात, तर अशा एखाद्या कलशाभोवती शक्य तितके फिरून पाहा. वेलीची दोन टोके जेथे भेटतात, तेथे एखादे पान दाटीने बसवलेले किंवा जागा भरण्यासाठी ओढूनताणून रुंद केलेले दिसू शकते. कलशाचे वर्णन लिहिताना ते पान वगळू नका.