दिवसा आवळलेला जबडा, रात्री अडलेला श्वास

जेवणे आणि आवंढा गिळणे सोडले, तर दिवसभरात वरच्या आणि खालच्या दातांनी एकमेकांना टेकायचे काही कारण नसते. ओठ मिटलेले असले तरी आत दातांमध्ये साधारण दोन ते चार मिलिमीटरांची फट राहते. जबड्याची विश्रांती ती हीच. तरीही संगणकासमोर, गाडी चालवताना, हिशेब तपासताना कित्येकांचे दात नकळत आवळलेले असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जागेपणी दात आवळणाऱ्या किंवा घासणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २२ ते ३१ टक्के आढळले. झोपेत दात खाणाऱ्यांचे मात्र सुमारे १३ टक्केच. आपल्याकडे दात खाण्याचा विषय निघाला की बोलणे रात्रीचेच होते, आणि मुलाविषयी असेल तर ते जंतांवर येऊन थांबते. दिवसाच्या आवळण्याला आवाज नसतो, त्यामुळे घरच्यांना ते ऐकू येत नाही आणि ज्याचे त्यालाही कळत नाही. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या माणसाच्या बाबतीत ते निसटणे आणखी सोपे, कारण झोपेच्या डॉक्टरांचे लक्ष रात्रीकडे असते आणि दंतवैद्यांचे दातांकडे. अशा रुग्णाच्या दिवसाच्या जबड्याकडे स्वतंत्रपणे पाहायला हवे, आणि दातांवर उपाय करण्याआधी झोपेची चौकशी व्हायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते.

स्लीप अ‍ॅप्नियाच्या नेहमीच्या प्रकारात झोपेत घशातली हवेची वाट मिटते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो. श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाच किंवा त्याहून जास्त झाले तर तो आजार धरतात, तीस झाले तर तीव्र. बहुतेक वेळा मेंदू क्षणभर अर्धवट जागा होऊन ती वाट पुन्हा उघडतो. अशा जागेपणाच्या आगेमागे जबड्याचे स्नायू आकसतात, हे झोपेच्या चाचणीत दिसते. पण रात्रीचे दात खाणे अ‍ॅप्नियामुळेच होते, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. दिवसाचे काय? १९९२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की अ‍ॅप्नियाच्या रुग्णांत जीभ पुढे ओढणारा स्नायू जागेपणीही निरोगी माणसापेक्षा जास्त काम करत असतो. घशाची वाट मुळातच अरुंद, ती उघडी ठेवायचे कष्ट दिवसाही चालूच. १९९५ साली आणखी एक गोष्ट पुढे आली: शरीराला सावध ठेवणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर या रुग्णांत जागेपणीही चढलेला असतो. यातला स्नायू जिभेचा आहे, दात आवळणारा नाही, आणि या अभ्यासांनी दात मोजलेले नाहीत. म्हणून यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण अ‍ॅप्निया सकाळी उठल्यावर संपतो ही समजूत मात्र यामुळे टिकत नाही.

यावर कोणी म्हणेल, दिवसा दात आवळले जातात ते ताणामुळे, त्यात झोपेला कशाला ओढायचे? ताण आणि चिंता ही दिवसाच्या आवळण्याची खरी कारणे आहेत, हे मान्यच आहे. पण रात्रभर तुकड्यातुकड्यांनी झोपलेला माणूस चिडका होतो, त्याचे लक्ष टिकत नाही, आणि तेच काम करायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. ताण कुठे संपला आणि झोपमोड कुठे सुरू झाली, ही रेघ अशा माणसात आखता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दात आवळणाऱ्या बहुसंख्य लोकांना अ‍ॅप्निया नसतो, मग सगळ्यांना चाचण्यांना धाडायचे का? मुळीच नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही जबडा आवळला जातो, तेव्हा आधी औषधांची यादी पाहावी. पण घोरणे, दिवसा पेंगणे, वाढलेला रक्तदाब यांबद्दल चार प्रश्न विचारायला खर्च येत नाही. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यातल्या ७.५ टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह अ‍ॅप्निया होता. दंतवैद्याच्या खुर्चीत असा रुग्ण येणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

हे प्रश्न न विचारण्याची किंमत रुग्ण मोजतो. झिजलेले दात पाहून वरच्या दातांवर नाइट गार्ड, म्हणजे रात्री घालायचे आवरण, बसवून देणे ही सरधोपट वाट. कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथल्या संशोधकांनी २००४ साली दहा अ‍ॅप्निया रुग्णांवर हा गार्ड तपासला, तेव्हा काहींचा श्वासाचा त्रास उलट वाढला. अभ्यास लहान आहे, सगळ्यांना तो लागू करता येणार नाही. पण आधी घोरण्याबद्दल विचारा, मग माप घ्या, एवढे सांगायला तो पुरेसा आहे. शिवाय रात्रीचा गार्ड दिवसाच्या सवयीला हात लावत नाही. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप यंत्राने श्वास सुरळीत झाला, तरी वर्षानुवर्षे मुरलेली सवय त्याने आपोआप जाईल असे धरून चालू नये. ती जागेपणीच मोडावी लागते: फोनवर दिवसातून अनेकदा, ठरावीक वेळी नव्हे, आठवण लावायची आणि त्या क्षणी दात टेकलेले आहेत का ते पाहायचे. टेकलेले असतील तर ओठ मिटलेले ठेवून दात सोडायचे, जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलके लावायचे, खांदे खाली आणायचे. त्या क्षणी कोणते काम चालू होते याच्या नोंदी आठवडाभर लिहून ठेवल्या, तर जबडा कोणत्या कामात आवळतो ते डॉक्टरांना दाखवता येते. खालचा जबडा पुढे धरणारे उपकरण अ‍ॅप्नियासाठी वापरत असाल, तर त्यानेही सकाळी जबडा दुखू शकतो; ते दुखणे आणि दुपारी कानशिलात भरून येणारा ठणका हे डॉक्टरांना वेगवेगळे सांगावे.